सासूच्या पोटातलं विरजण

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला महिनाभर जुलाब लागले होते. निमोनियासाठी भारी औषधं झाली आणि नंतर पोटच बिघडलं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की निरोगी माणसाची विष्ठा घेऊन, ती तपासून, गाळून नळीनं तुमच्या आतड्यात सोडावी लागेल. पोरगी माझ्याकडे आली आणि दार लावून रडायला लागली. "आजी, कोणाले सांगू नका. ऐकूनच मले मळमळते."

मी म्हटलं, "बाई, हा इलाज माझ्यावर झालेला आहे. तुझी माय जन्मली नव्हती तेव्हा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. म्हणून सगळं नीट लिहून काढते. तिच्यासाठी, आणि तिच्यासारखं जे कोणी दार लावून रडत असेल त्यांच्यासाठी.

काटा

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शाळा नुकत्याच जिल्हा परिषदेकडे आल्या होत्या. माझं सासर जानेफळच्या बाजूला. तिथून दोन कोसांवरच्या खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवायला जात असे. आमच्या वस्तीत नोकरी करणारी पहिली बाई मी. मुलं मला 'मास्तरीणबाई' म्हणत, तेव्हा माझी मान आपोआप ताठ होई.

दिवाळीनंतरच्या दिवसांत वाटेवर बाभळीचा काटा चप्पल फोडून टाचेत गेला. मी तो उपटला, पाय झटकला आणि शाळेत गेले. चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत टम्म फुगला. आठव्या दिवशी मी तापात बडबडू लागले. माझे मालक खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. निरोप मिळताच ते आले आणि मला एस.टी.त घालून खामगावच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाय चिरला. कापावा लागेल की काय, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. मग नव्यानंच आलेल्या कॅपसुला आणि इंजेक्शनं सुरू झाली. दोन आठवड्यांत सूज उतरली. पाय राहिला. मी उठून भिंतीला धरून चार पावलं चालले आणि पोरींना पाढे म्हणून दाखवावेत तशा मोठ्यानं ती मोजली.

त्याच संध्याकाळी पोटात पहिली कळ आली.

खाट

पुढचं लिहायला लाज वाटायची, आता वाटत नाही. दिवसाला पंधरा वेळा, मग वीस वेळा. नुसतं पाणी. असा वास, की वॉर्डात येणारा माणूस दारातच थबकायचा. खाटेवरून उतरेपर्यंतही धीर निघायचा नाही. लुगडं बदललं की पुन्हा तेच. मुलांना स्वच्छतेचे धडे देणारी मी, चोवीस वर्षांची मास्तरीण, स्वतःच्या घाणीत पडून होते.

शेजारच्या खाटेवर जळगाव जामोदकडची एक शेतकरी आजी होती. मला वाटलं, ती आता खाट बदलून मागणार. तिनं काय केलं, तर भेटीला आलेल्या संत्र्यांच्या साली सुकवल्या आणि माझ्या उशीखाली सारल्या. "वास घे वं पोरी. आपल्या नाकाले आपणच समजावा लागते," म्हणाली. त्या आजारपणातल्या चांगल्या गोष्टी मोजायच्या तर त्या साली मी पहिल्या मोजते.

आणि माझी लुगडी धुवायला माझ्या सासूबाई होत्या.

मामी

सासूबाईंचं नाव द्वारकाबाई. मी त्यांना मामी म्हणत असे. पन्नाशीच्या, काळ्याभोर, काटक. उभ्या जन्मात अक्षर गिरवलेलं नाही आणि औषधाची गोळीही गिळलेली नाही. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी पुन्हा सरपण आणणाऱ्या.

आमच्या दोघींत दीड वर्ष नीट बोलणं नव्हतं, आणि चूक माझी होती. आमच्या घराण्यानं बुद्धधम्म घेतला होता. तरी मामींनी कोनाड्यात देवांचे जुने टाक ठेवले होते, त्यांच्या आईनं दिलेले. मी शिकलेली. मला ते सहन होईना. एके दिवशी त्या कामाला गेल्या असताना मी ते टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. त्या घरी आल्या, कोनाडा बघितला, आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हापासून 'जेवलीस का' आणि 'दिवा लाव' एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

त्याच मामी मजुरी सोडून दवाखान्यात आल्या. हातपंपापाशी बसून माझी लुगडी आपटून आपटून धूत होत्या. तेव्हाही आमच्यात बोलणं नव्हतंच.

निदानाचा दिवस

तीन आठवडे झाले. औषध बदलून झालं, सलाईनच्या बाटल्या झाल्या. माझ्या मनगटातून काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एका सकाळी मोठे डॉक्टर माझ्या मालकांना व्हरांड्यात घेऊन गेले. खिडकी उघडी होती.

"घरी न्या. आपल्या माणसांत राहू द्या," एवढंच ऐकू आलं.

भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. रडू आलं नाही. मी फक्त मनात वर्गातल्या मुलांची हजेरी घेऊ लागले. एकेक नाव. शेवटच्या नावापर्यंत गेले की पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. नागपूरला शिकून नुकत्याच आलेल्या. मालक आणि मामी दोघंही होते. बाई म्हणाल्या, "मी जे सांगते ते पूर्ण ऐका, मग बोला. तुमचा पाय ज्या औषधानं वाचला, त्याच औषधानं पोट बिघडलंय. आपल्या पोटात चांगले जंतू असतात. औषधानं वाईटांबरोबर तेही मेले. आता रिकाम्या जागेत नको ते वाढलंय."

"मग त्याले मारणारं औषध द्या ना," मालक म्हणाले.

"तेच देत होतो, आणि तेच उलटतंय. मारून होत नाही, तर पुन्हा पेरून बघायचं. परदेशातल्या डॉक्टरांनी अशा काही रोग्यांवर केलेलं मी एका मासिकात वाचलंय. निरोगी माणसाची विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, एनिम्यानं आत सोडायची. त्या माणसाच्या पोटातले चांगले जंतू तुमच्या पोटात रुजतील. मी हे कधी केलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही, रोगी हो म्हणाली तर करा. गुण येईलच असं वचन मी देत नाही."

मालकांनी मान खाली घातली होती. मी डोळे मिटले. मला शिसारी आली, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मामी बोलल्या. "म्हणजे इरजन लावाचं म्हना ना. दूध नासलं, गाडग्यात जुनं काही उरलं नाही, तं शेजारनीच्या घरून इरजन आनाचं."

डॉक्टरबाई एकदम हसल्या. "अगदी तेच! मला हे इतकं सोपं सांगता आलं नसतं."

"मंग सांगा, कोनाचं पाह्यजे?"

वामनदादा

माझा थोरला भाऊ वामनदादा दुसऱ्या दिवशी आला. आमच्या माहेरच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा तो पुढं होता. त्यापायी त्यानं मारही खाल्ला होता. इलाज कळताच तो लालबुंद झाला.

"हे होनार नाही," तो वॉर्डातच गरजला. "आपन ढोरं ओढनं सोडलं, लोकाईचं उष्टं सोडलं. कशासाठी? मानसावानी जगासाठी. अन् आता माझ्या बहिनीच्या अंगात घान घालाची? उद्या लोकं काय म्हनतीन? पुन्हा घानीतच गेले म्हनतीन!"

मला त्याचं खरं वाटत होतं, आणि मला जगायचंही होतं. दोन्ही एकाच वेळी.

मामी हात पुसत उभ्या राहिल्या. माझ्या भावासमोर त्या एरवी पदर सावरून कोपऱ्यात बसत. त्या दिवशी बसल्या नाहीत.

"वामनबापू, ते ढोर ओढा म्हनून लोकं हुकूम देत होते. नाही म्हनाची सोय नव्हती. इथं मले कोनी हुकूम देल्ला का? डाक्टरबाईनं इचारलं, बाई तुमी देता का. हाव म्हनाचं का नाही म्हनाचं, माझी मर्जी. म्या हाव म्हटलं. याच्यात खाली पाहाचं काय हाये?"

वामनदादानं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या पायथ्याशी बसला आणि माझा तो टाचेचा व्रण असलेला पाय त्यानं मांडीवर घेतला. "तुह्यं काय म्हननं हाये?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, "दादा, मले शाळेत जायचं आहे."

"मंग कर," तो म्हणाला.

परीक्षा

डॉक्टरबाई कोणाचीही विष्ठा घेणार नव्हत्या. आधी तपासणी. मालक म्हणाले, "माझी घ्या, मी धडधाकट हाओ." सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर त्यांच्या पोटात आवेचे जंतू निघाले. बिचारे इतके ओशाळले, की दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईनात.

मग मामींची तपासणी. एकदा नाही, तीन सकाळी. त्यांना खोकला कधी होता का, कावीळ झाली होती का, अंगावर कुठं चट्टा आहे का, सगळं विचारून झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. "द्वारकाबाई, काहीच दोष नाही. इतकं स्वच्छ मी या दवाखान्यात अजून बघितलं नाही."

मामींनी तो कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरून खाली बघितला. मग साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगा नापास झाला अन् माय पास झाली! जल्मात एकच परीक्षा देल्ली, तिच्यात पयला नंबर!"

जळगाव जामोदची आजी टाळ्या वाजवू लागली. महिन्याभरात मी पहिल्यांदा हसले. हसताना पोट दुखलं, तरी हसले.

सकाळ

ठरलेल्या सकाळी गंमतच झाली. मामींना होईना. रोज पहाटे घड्याळासारखं होणारी बाई, त्या दिवशी नेमकी अडली. डॉक्टरबाई नवं, उकळलेलं भांडं घेऊन तयार. मामी चहा प्यायल्या, गरम पाणी प्यायल्या, आवारातल्या कडुनिंबाला फेऱ्या मारून आल्या. "सारा दवाखाना वाट पाहून राह्यला म्हनल्यावर कसं होईन?" म्हणू लागल्या. शेवटी सगळ्यांनी तोंडं फिरवली, वाट बघणं सोडलं, तेव्हा काम झालं.

पुढचं डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं केलं. दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही. मिठाच्या पाण्यात कालवलं, मलमलच्या चौपदरी कापडातून दोनदा गाळलं. मला पडद्याआड डाव्या कुशीवर झोपवलं. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. मी विचारलं, "दुखेल का?" त्या म्हणाल्या, "नाही. फक्त आत ठेवायचं. जमेल तेवढा वेळ."

दुखलं नाही. कोमट वाटलं, इतकंच. ज्या गोष्टीची मला आठवडाभर शिसारी येत होती, ती पाच मिनिटांत झाली. पण आत ठेवणं कठीण होतं. कळा येत होत्या. मामी उशाशी बसल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. दीड वर्षात पहिल्यांदा.

वेळ काढायचा म्हणून असेल, किंवा जीव जाईल या भीतीनं असेल, मी म्हटलं, "मामी, तुमचे देव मी नदीत टाकले. माझं चुकलं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "देव गेले त्याचं नाही वं. धम्म घेतला तवा आज ना उद्या जानारच होते. म्याच आपल्या हातानं सोडले असते. तू मले इचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं. हे डाक्टरबाई परकी, जातीची ना गोताची. तिनं इचारलं. अन् घरची सून, शिकेल-सवरेल, तिनं नाही इचारलं."

मला रडू फुटलं. "रडू नको," मामी म्हणाल्या, "पोट हालते. आत ठेवाचं हाये." आणि मग आम्ही दोघीही रडत रडत हसू लागलो. तरीही मी सगळं दीड तास आत ठेवलं. डॉक्टरबाईंनी घड्याळ लावून मोजलं होतं.

चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा केलं. त्या दुपारी मी झोपले आणि जागी झाले तेव्हा ऊन खिडकीतून गेलं होतं. आधी कळेचना, वेगळं काय वाटतंय. मग कळलं. सकाळपासून भांडं मागितलेलंच नव्हतं. मी हलले नाही. हललं की मोडेल असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी एकदा झालं, आणि ते नीट, बांधलेलं झालं. वाचणाऱ्याला किळस येत असेल तर येऊ द्या. ज्यानं हा आजार काढलाय त्याला कळेल. मामी ते भांडं घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत गेल्या. बाईंनी बघितलं आणि खुर्चीवर मटकन बसल्या. इतके दिवस त्याही घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा समजलं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून बघितलं, कागद बघितले आणि त्या तरुण बाईंना म्हणाले, "मी हिला घरी पाठवत होतो. बरं झालं तुम्ही मला अडवलंत." भरल्या वॉर्डात असं बोलायलाही मोठं मन लागतं.

मला भूक लागली. मऊ भात आणि ताक दिलं, तेवढ्यानं भागेना. आठ दिवसांनी ज्वारीची भाकर मिळाली. पापुद्रा सोडवून मीठ लावून खाल्ला. त्या चवीवर मी एक अख्खा धडा लिहू शकेन.

गावात

लपवायचं की सांगायचं, हा प्रश्न दवाखान्यातून सुटी होताना आला. मालक म्हणाले, "पोटाचा इलाज झाला एवढंच सांगू." मी हो म्हटलं असतं. पण वामनदादानं तोवर वस्तीच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगूनही टाकलं होतं. "माझ्या बहिनीले तिच्या सासूनं वाचवलं, अन् कसं वाचवलं ते आयका," असं म्हणून. ज्याला त्या इलाजाची सर्वांत जास्त लाज वाटली होती, त्यानंच ती सर्वांच्या आधी टाकली. माझ्या भावाचा अभिमान मला पुष्कळ गोष्टींसाठी आहे, पण त्या दिवसासाठी सर्वांत जास्त.

नावं ठेवणारे होतेच. पाणवठ्यावर एकीनं मला ऐकवलं, की असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. दोन घरांनी मुलं महिनाभर शाळेत पाठवली नाहीत. मी त्या दोन्ही घरी गेले, ओसरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "मी बरी आहे. पोराचे पाढे राहून जात आहेत, त्याला पाठवा." पहिल्या घरचा आठवड्यात आला. दुसऱ्या घरचा होळीनंतर.

आणखी एक सांगून ठेवते. हा प्रकार घरच्या घरी कोणी करू नये. माझ्या मालकांसारखा धडधाकट दिसणारा माणूसही तपासणीत नापास होतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि त्यांच्याच हातून करून घ्यावा. पण त्यांनी सांगितलं तर लाजेपायी नाही म्हणू नये.

डॉक्टरांच्या पुढं

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी आली. आजूबाजूचे डॉक्टर खामगावला जमणार होते. हा इलाज त्यांच्यापुढं मांडायचा होता. तुम्ही बऱ्या झाल्याचं त्यांना दाखवायचं आहे, याल का, असं विचारलं होतं. मामींनी मला चिठ्ठी दोनदा वाचायला लावली. 'याल का' वर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "जाऊ."

दालनात वीस-पंचवीस डॉक्टर होते. आम्हां दोघींना मागच्या बाकावर बसवलं. डॉक्टरबाई पुढं उभ्या राहून बोलल्या. किती दिवस, किती वेळा, वजन किती घटलं, किती भरलं. मला उभं केलं. मी चालून दाखवलं. सगळे माझ्याकडे बघत होते, पण या वेळी मला खाली बघावंसं वाटलं नाही.

मग पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "दाता कोण होता?"

डॉक्टरबाई जराशा घुटमळल्या. एका बाईची अब्रू भर सभेत कशी मांडायची, असं त्यांना वाटलं असावं. "रोग्याच्या नात्यातली एक निरोगी व्यक्ती," त्या म्हणाल्या. "नाव मी नोंदीत लिहिलेलं नाही."

माझ्या शेजारी बाक करकरला. मामी उठून उभ्या राहिल्या होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला खोचला.

"म्या देल्लं," त्या म्हणाल्या. "ते मास्तरीन हाये, माझी सून. म्या तिची सासू. द्वारकाबाई माझं नाव. लिवा."

डॉक्टरबाईंनी दौतीतला टाक उचलला आणि लिहिलं.